समुद्रातील वादळ आणि पैनगंगेचे पाणी

यवतमाळ जिल्ह्यातील श्रोत्यांपुढे, आणि तेही वैशाखाच्या ऐन उन्हात, समुद्रावरील चक्रीवादळांचा विषय काढणे प्रथमदर्शनी विचित्र वाटण्याचा संभव आहे. या दिवसांत आपल्याकडे पाण्याची चर्चा व्हावयाची ती विहिरीच्या तळाची, बेंबळा-अरुणावतीच्या धरणांत उरलेल्या साठ्याची आणि मृग वेळेवर लागेल की नाही याची. नकाशावर पाहिले तर यवतमाळपासून पूर्वेचा बंगालचा उपसागर सहाशे-साडेसहाशे किलोमीटर दूर आणि पश्चिमेचा अरबी समुद्र साडेपाचशे किलोमीटर दूर. दोन समुद्रांच्या जवळजवळ मध्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्रातील वादळाशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही.

परंतु हाच प्रश्न आम्हांस आज सोडवावयाचा आहे. आपल्या खरिपाला जो पाऊस मिळतो, त्याचा फार मोठा भाग बंगालच्या उपसागरात जन्मून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांनी आणलेला असतो. ज्या वाटेने आपली लक्ष्मी येते, त्याच वाटेने कधीकधी संकटही येते. चक्रीवादळांच्या इतिहासाकडे पाहिले असता आम्हांस एक गोष्ट प्रामुख्याने दिसते. वादळ म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे वारा उभा राहतो. पण वादळाने जी माणसे नेली, त्यांतील बहुतेक पाण्याने नेली आहेत. किनाऱ्यावर हे पाणी समुद्रातून चढून येते, तर आपल्यासारख्या आतल्या मुलखात ते आभाळातून पडून नाल्यांतून धावते. आणि आपल्याकडे ते पोहोचते तेव्हा वादळाचे नाव बहुधा वर्तमानपत्रांतून नाहीसे होऊ लागलेले असते. या एका गोष्टीचे भान राहिले तर पुढील विवेचनाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.

नाव कोठून आले

प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात ज्याला टायफून म्हणतात, अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला सायक्लोन किंवा चक्रीवादळ म्हणतात, ती तिन्ही एकाच जातीची वादळे होत. मराठीतील ‘तुफान’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, आणि टायफूनशी त्याचे असलेले ध्वनिसाम्य कोणाच्याही कानाला जाणवण्यासारखे आहे. खलाशी, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या तोंडून हे शब्द बंदराबंदरांतून फिरले.

वादळ हे सरळ रेषेत वाहणारा जोरदार वारा नसून स्वतःभोवती फिरणारे एक प्रचंड चक्र आहे, हे कळावयास मात्र फार काळ लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या कर्नल जेम्स कॅपर याने १८०१ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वादळे ही भोवऱ्यासारखी असावीत असे लिहिले. पुढे १८२१ साली अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात एक मोठे वादळ झाले. मूळचा जीन-खोगिरांचा कारागीर असलेला विल्यम रेडफील्ड त्यानंतर त्या भागातून प्रवास करीत असता त्याला एक नवल दिसले. एका भागातील झाडे एका दिशेस उन्मळून पडली होती, तर काही मैलांवरील झाडे बरोबर उलट दिशेस. वारा एकाच दिशेने वाहता तर असे झाले नसते. वादळ गोल फिरत पुढे सरकले असले पाहिजे, हा निष्कर्ष त्याने पडलेल्या झाडांवरून काढला आणि १८३१ साली प्रसिद्ध केला.

या ज्ञानाला नाव मिळाले ते आपल्या देशात, कलकत्त्यास. तेथील सागरी न्यायालयाचा प्रमुख हेन्री पिडिंग्टन हा वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या वर्षानुवर्षे गोळा करीत होता. कोणत्या जहाजावर कोणत्या घटकेस वारा कोणत्या दिशेने वाहत होता, हे नकाशावर मांडता मांडता वादळाचे वेटोळे त्याच्यापुढे उमटत गेले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सूचित करणाऱ्या एका ग्रीक शब्दावरून त्याने ‘सायक्लोन’ हा शब्द घडविला आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो रूढ केला. त्या पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक चकत्या दिलेल्या असत. त्या नकाशावर ठेवून कप्तानाने वादळाचे केंद्र आपल्या कोणत्या बाजूस आहे ते ओळखावे, अशी योजना होती.

पिडिंग्टनच्या लिखाणात गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदराची हकीकत येते. आपल्या पैनगंगेचे पाणी वर्धेला, वर्धेचे प्राणहितेला आणि प्राणहितेचे गोदावरीला मिळून शेवटी त्याच बाजूस समुद्रात जाते, म्हणून या बंदराचे नाव यवतमाळकरांस अगदीच परके वाटू नये. हे बंदर १७८९ साली आणि पुन्हा १८३९ साली समुद्राच्या लाटेने बुडाले आणि पूर्वीच्या वैभवास ते पुन्हा चढले नाही. पिडिंग्टनने त्यातून धडा घेतला. कलकत्त्याच्या दक्षिणेस मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा सरकारचा बेत झाला, तेव्हा त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून बजावले की, येथे एखाद्या वादळात समुद्र आत चढेल आणि सारे बुडेल. पत्राकडे कोणी लक्ष दिले नाही. १८५८ साली पिडिंग्टन वारला. कॅनिंग बंदर उभे राहिले आणि नोव्हेंबर १८६७ च्या वादळात समुद्राचे पाणी त्यात शिरले. काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. पिडिंग्टनने इशारा दिला होता तो वाऱ्याचा नव्हे, पाण्याचा. हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माठ, वाफ आणि वादळ

आता हे चक्र तयार कसे होते ते पाहू. आपल्या शेतात चैत्र-वैशाखात जी वावटळ उठते, पाचोळा घेऊन घटकाभर नाचते आणि विरून जाते, ती आणि चक्रीवादळ यांत दिसण्याचे साम्य असले तरी जातीचा फरक आहे. वावटळ तापलेल्या जमिनीच्या उष्णतेवर चालते, आणि ती कोणत्याही दिशेने फिरू शकते. चक्रीवादळ चालते ते पाण्याच्या वाफेवर.

याचा उलगडा आपल्या घरातील माठ करून देतो. उन्हाळ्यात माठातले पाणी गार का होते? माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी माठातली उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवावयास शंभर कॅलरी लागतात. पण तेवढ्याच पाण्याची साध्या हवेत वाफ व्हावयास सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता नाहीशी होत नाही. वाफेत दडून राहते. ती वाफ वर जाऊन गार झाली आणि तिचे पुन्हा पाणी झाले की दडलेली उष्णता बाहेर पडते.

समुद्र हा असाच एक अवाढव्य माठ समजा. त्याच्या पृष्ठभागाचे पाणी साडेसव्वीस अंश सेल्सियसच्या वर, आणि तेही पन्नासएक मीटर खोलीपर्यंत तापलेले असले, म्हणजे वाफेचा पुरवठा अखंड सुरू राहतो. एखाद्या ठिकाणी हवेचा दाब थोडा कमी झाला की भोवतालची दमट हवा तेथे धाव घेते, वर चढते, तिच्यातील वाफेचे ढग बनतात, दडलेली उष्णता सुटते, वरची हवा आणखी तापून हलकी होते, खालचा दाब आणखी उतरतो आणि आणखी हवा आत ओढली जाते. ही भट्टी आपले इंधन आपणच ओढून घेऊ लागते.

आत धावणारी हवा सरळ मध्याकडे न जाता गोल का फिरते, याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे. त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे वळतो आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चक्र धरतो. विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो, म्हणून विषुववृत्तापासून सुमारे पाच अंशांच्या आत चक्रीवादळे सहसा जन्मत नाहीत. शिवाय खालचा वारा व वरचा वारा यांच्या वेगांत आणि दिशांत फार तफावत असता कामा नये. असली तर ढगांचा मनोरा तिरपा होऊन मोडतो. भर पावसाळ्यात आपल्या समुद्रांवर अशी तफावत फार असते. म्हणूनच पूर्ण वाढीची चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या आधी एप्रिल ते जूनमध्ये किंवा पावसाळा सरता सरता ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. बंगालच्या उपसागरात ती अरबी समुद्राच्या सुमारे चौपट होत आली आहेत. मात्र अलीकडच्या दशकांत अरबी समुद्र तापत चालला असून तेथील वादळेही अधिक वेळा आणि अधिक जोमाने उठू लागल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये मुंबईजवळून गुजरातकडे गेलेले ‘तौक्ते’ यांची आठवण अजून ताजी आहे.

वादळाच्या ऐन मध्यभागी ‘डोळा’ असतो. तेथे वारा पडतो, क्वचित ऊनही दिसते. त्याच्याभोवती ढगांची भिंत असते आणि सर्वांत घातक वारा व पाऊस त्या भिंतीत असतो. डोळा डोक्यावर आला म्हणजे वादळ संपले असे समजून लोक बाहेर पडतात, आणि अर्ध्या-एक तासात वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने कोसळतो. जगन्नाथपुरीस, तिरुपतीस किंवा कोकणात जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंनी एवढे ज्ञान गाठीस बांधून न्यावे.

वाऱ्याच्या वेगावरून हवामानखाते या संकटाच्या पायऱ्या ठरविते. ताशी ३१ किलोमीटरपासून ‘डिप्रेशन’, म्हणजे कमी दाबाचा गाढ पट्टा. ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ. आणि २२२ किलोमीटरपासून महाचक्रीवादळ. वादळाला नाव मिळते ते ६२ ची पायरी ओलांडल्यावर. या पायऱ्या वाऱ्याच्या आहेत, पावसाच्या नव्हेत. आपल्या दृष्टीने सारी मेख येथेच आहे.

इशाऱ्याचा इतिहास

वादळ थोपविणे माणसाच्या हाती नाही; ते येत आहे हे आधी सांगणे हाती आहे. या सांगण्याचा इतिहास आपल्या देशात मोठा शिकवण देणारा आहे.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आले. हुगळीतून चढलेल्या लाटेने आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने सुमारे साठ हजार माणसे मेल्याचा अंदाज आहे. महिनाभरातच मच्छलीपट्टणावर दुसरे वादळ येऊन तेथे सुमारे तीस हजार माणसे दगावली. वर्षभरात, म्हणजे १८६५ साली, कलकत्ता बंदरात वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. त्यानंतरची अवर्षणे आणि ओरिसातील भीषण दुष्काळ यांनी हवामानाचा अभ्यास तुकड्यातुकड्याने करून भागणार नाही हे पटवून दिले, आणि १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड याच्या हाताखाली भारतीय हवामानखाते स्थापन झाले. या खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीतून काही वर्षे साऱ्या हिंदुस्थानचे हवामान सांगितले जाई.

प्रारंभीचे हे इशारे कोणासाठी होते? जहाजांसाठी आणि बंदरांसाठी. तारायंत्राने खबर यावयाची, बंदराच्या खांबावर बावटा किंवा दिवा चढावयाचा आणि कप्तानाने नांगर उचलायचा की टाकायचा हे ठरवावयाचे. खाडीकाठच्या कोळ्याला किंवा शेतमजुराला तो बावटा वाचता येत नव्हता, आणि वाचता आला असता तरी पळून जावयास उंच जागा नव्हती. नोव्हेंबर १९७० मध्ये त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटाच्या परिसरात आलेल्या वादळात तीन लाखांहून अधिक माणसे गेली. वादळ येत आहे हे उपग्रहाच्या चित्रांत दिसले होते; परंतु ते चित्र पाहणारा माणूस आणि बेटावर झोपलेला माणूस यांच्यामध्ये कोणी निरोप्या नव्हता. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रातील दिवीसीमेवर समुद्र चढला आणि सुमारे दहा हजार बळी गेले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळातही बळींची संख्या दहा हजारांच्या घरात गेली.

मग मात्र चित्र बदलले. ओरिसाने किनाऱ्यावर निवाऱ्याच्या पक्क्या इमारती बांधल्या, गावोगाव स्वयंसेवक शिकवून तयार केले आणि घरे रिकामी करण्याची रंगीत तालीम वर्षावर्षाला घेतली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘फायलीन’ हे अतिशय तीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविले गेले होते आणि बळींची संख्या पन्नाशीच्या आत राहिली. बांगला देशानेही १९७२ पासून कर्णे घेऊन वस्तीवस्तीत फिरणाऱ्या स्वयंसेवकांचे दल उभारून असाच अनुभव घेतला. वादळे पूर्वीइतकीच जोरकस राहिली. माणसे वाचली ती निरोप शेवटच्या झोपडीपर्यंत गेला म्हणून.

सारांश, इशारा प्रथम जहाजाला मिळाला, नंतर बंदराला, नंतर किनाऱ्यावरील गावाला. आता पाळी आतल्या मुलखाची आहे. आणि येथे यवतमाळचा प्रश्न उभा राहतो.

वारा पडतो, पाऊस पडतच राहतो

जमिनीवर आले की वादळाचा वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांशी घर्षण होते आणि वाऱ्याचा जोर एक-दोन दिवसांत ओसरतो. पण वादळाने समुद्रावरून उचललेले पाणी आभाळातच असते. ते चक्र मंद गतीने फिरत फिरत, वाटेत दोन्ही समुद्रांची आर्द्रता ओढीत पुढे सरकते आणि पाऊस ओतीत जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘हुदहुद’ विशाखापट्टणमवर आले. दोन दिवसांनी त्याचे अवशेष हिमालयाला जाऊन भिडले आणि नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात अवचित हिमवर्षाव होऊन चाळीसहून अधिक माणसे गाडली गेली. समुद्रापासून इतक्या दूर, बर्फाच्या डोंगरात माणसे मेली ती समुद्रावरील वादळाने!

आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला असाच प्रसंग सप्टेंबर २०२१ मध्ये आला. बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ नावाचे चक्रीवादळ तयार झाले आणि २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. वादळांच्या हिशेबाने ते किरकोळच होते. दुसऱ्याच दिवशी त्याचा वारा मंदावून ते पुन्हा ‘डिप्रेशन’ झाले. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटावे की संकट टळले. परंतु तो पाऊस तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावर आला. पावसाळ्याचा शेवट होता, जमीन तुडुंब भिजलेली होती. २८ सप्टेंबरच्या सकाळी नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी.ची बस उमरखेडजवळ दहागाव येथे नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असता पलीकडे जाऊ लागली आणि प्रवाहाने ती पुलाखाली ओढून नेली. बसमधील काही जण वाचले. काहींचा मात्र जीव गेला. तेच अवशेष पुढे गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा वाफेची रसद मिळून त्यांचे ‘शाहीन’ नावाचे नवे वादळ झाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले. ‘गुलाब’ आणि ‘शाहीन’ या दोन नावांच्या मधल्या दिवसांत त्या वादळाला नाव नव्हते. उमरखेडचा अपघात त्या बिननावाच्या दिवसांतला आहे.

दोष कोणाचा हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे आणि ते आमचे कामही नव्हे. आम्हांस पाहावयाचे आहे ते एवढेच की, असा ओढा इतका प्राणघातक कसा होतो. थोडा हिशेब करू. एका एकरावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी चार लाख लिटर भरते. एका चौरस किलोमीटरवर दहा कोटी लिटर. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते तेव्हा पाणी पिते. परंतु सप्टेंबरअखेर ती फुगून भेगा मिटलेल्या असतात, आणि मग पडलेले पाणी आत न मुरता उतारावरून नाल्याकडे धावते. धरणेही त्या सुमारास भरत आलेली असतात. पूस, अरुणावती, अडाण या नद्या शेवटी पैनगंगेलाच जातात. पैनगंगा फुगली की त्यांचे पाणी तुंबते, आणि त्यांच्या नाल्यांचे त्याहून आधी. डोक्यावर पाऊस नसतानाही नाला का चढतो, याचे उत्तर वरच्या बाजूच्या रानात पडलेल्या या पावसात आहे.

आता बसचा हिशेब. साधारण दहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद बसच्या तळाच्या वर पाणी दहा सेंटिमीटर चढले, की आत पाणी शिरेपर्यंत ते तिला अडीच टनांनी वर उचलते. वीस सेंटिमीटर चढले की पाच टनांनी. दहा-बारा टनांची गाडी अशी हलकी होत जाते आणि चाकांची रस्त्यावरची पकड सुटते. बाजूने ढकलणारा प्रवाह वेगळाच. त्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. लहान मोटारीला तर फूटभर पाणी पुरते, आणि गुडघाभर वेगाच्या पाण्यात धडधाकट माणसाचे पाय टिकत नाहीत. चालकाचे कौशल्य किंवा गाडीचे वजन येथे कामास येत नाही. शिवाय गढूळ पाण्याखाली रपट्याचा तुकडा शिल्लक आहे की वाहून गेला आहे, हे वरून कोणालाही दिसत नाही.

हा प्रसंग एकटा नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त करून दोनशेहून अधिक माणसे नेली. तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची पूर्व सीमा होऊन वाहते. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ शहरात आणि महागाव तालुक्यात अतिवृष्टी झाली, आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढा घातला आणि अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागविण्यापर्यंत पाळी आली. त्या दिवशी समुद्रात नाव दिलेले एकही वादळ नव्हते.

काय करावे, काय टाळावे

यावरून काही नियम निघतात. ते नवे नाहीत. पण कारण समजले म्हणजे नियम पाळावयास मन तयार होते.

पहिला नियम असा की, वादळाचे नाव नव्हे तर पावसाचा आकडा पाहावा. हवामानखात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर तो जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अतिशय मुसळधार. नारिंगी रंगाचा इशारा म्हणजे तयारीत राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा. आंध्र वा ओरिसाच्या किनाऱ्यावर वादळ चढल्याची बातमी आली, तर पुढचे दोन-तीन दिवस आपले आहेत असे समजून आपल्या जिल्ह्याचा इशारा रोज पाहावा.

दुसरा नियम, वाहत्या पाण्याखालील पूल ओलांडू नये; पायी नाही, बैलगाडीने नाही, मोटारसायकलने नाही, बसनेही नाही. समोरची गाडी पार गेली म्हणून आपली जाईल असे नाही, कारण मधल्या पाच मिनिटांत नाला हातभर चढतो. चालक थांबला तर प्रवाशांनी घाई करू नये. तो निघू लागला तर त्याला थांबवावे. या बाबतीत प्रवाशाचा शब्दही चालकाच्या हातातील चाकाइतकाच महत्त्वाचा आहे. पाणी उतरावयास चार तास लागले तर चार तास बसावे.

तिसरा नियम, नाल्याकाठच्या वस्तीने, मग तो तांडा असो की कोलामांचे पोड, उंचवट्यावरील एक जागा पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावी. शाळा, समाजमंदिर, पक्के देऊळ यांपैकी कोणते, रात्री तेथे कोणत्या वाटेने जावयाचे, म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणीला कोणी न्यावयाचे, हे उन्हाळ्यात ठरते तेव्हाच पावसात उपयोगी पडते. ढोरांची दावी सोडून द्यावी. मोकळे जनावर बहुधा उंचवट्याची वाट स्वतःच शोधते. कागदपत्रे, औषधे, काड्यापेटी आणि विजेरी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे दोन क्रमांक घरातील लहानांनाही पाठ असावेत.

चौथा नियम शेताविषयीचा. सप्टेंबरअखेर आपल्याकडे सोयाबीनची सवंगणी तोंडावर असते आणि कपाशीची बोंडे फुटावयास लागलेली असतात. कापलेले सोयाबीन वावरात पसरलेले राहिले आणि झड लागली की शेंगेतच कोंब फुटतात. वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर असतानाच सुडी लावून ताडपत्रीने झाकण्यास एक-दोन दिवसांची सवड मिळते. ही सवड म्हणजेच हवामानखात्याच्या दीडशे वर्षांच्या श्रमाचे शेतकऱ्याच्या पदरात पडणारे फळ होय. मात्र आभाळ गडगडू लागल्यावर पीक झाकण्यासाठी वावरात जाऊ नये आणि झाडाखाली उभे राहू नये. वीज अंगावर घेण्याइतके कोणतेही पीक मोलाचे नाही.

शेवटी जी गोष्ट सांगावयाची ती गावकारभाऱ्यांना उद्देशून आहे. ओरिसाच्या किनाऱ्याने जे साधले ते मोठ्या यंत्रांनी जितके साधले तितकेच कर्णा घेऊन फिरणाऱ्या माणसाने साधले. आपल्याकडे गावाला दवंडी देणारा कोतवाल ही संस्था फार जुनी आहे. आज प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी आहे; पण तो पावसात बंद पडतो, रात्री उशाशी निजतो आणि पोडावर त्याला संदेश मिळेलच असे नाही. ज्या गावाच्या वाटेवर बुडणारा रपटा आहे, त्या गावाने तांबड्या इशाऱ्याच्या दिवशी दोन्ही काठांवर एकेक माणूस दोर आणि कंदील घेऊन उभा करावा, आणि पाणी रपट्यावर येताच आडवी बल्ली टाकून वाट बंद करावी. याला मोठा खर्च नाही. ग्रामपंचायतीच्या एका ठरावाने आणि पाळीपाळीने उभ्या राहणाऱ्या दहा तरुणांनी हे काम होण्याजोगे आहे. रपट्याच्या कठड्यावर पाण्याची उंची दाखविणाऱ्या तांबड्या पट्ट्या रंगवून घेतल्या तर परगावच्या चालकालाही धोका कळेल.

कलकत्त्याच्या बंदरावर वादळाची खूण प्रथम चढविली गेली त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. ती खूण जहाजांनी वाचली आणि जहाजे वाचली. पुढे ती किनाऱ्यावरील गावांना समजली आणि गावे वाचली. तीच खूण आता उमरखेड, महागाव, घाटंजी आणि झरी जामणीच्या नाल्यांवर लागली पाहिजे. मृगाला अद्याप काही आठवडे अवकाश आहे. एवढ्या अवधीत गावागावांतून रपट्यांची यादी झाली आणि प्रत्येक रपट्यापुढे दोन माणसांची नावे लिहिली गेली, तर येत्या भाद्रपदात पैनगंगेचे खोरे अधिक निर्धास्तपणे पावसाला सामोरे जाईल.